तीस मिलिमीटर

ब्रेदा दुकानात शिरली ती तक्रार घेऊनच.
"ओसोयनिकांच्या शेताकडे चढताना
पुढचं चाक माझं ऐकत नाही.
डावीकडे म्हटलं की उजवीकडे,
आणि शेवटच्या वळणावर तर उचलतंच,
शिंगरू बरं एक वेळ."

ती दरीतली परिचारिका. अठ्ठावन्नाची.
पाठीवरच्या पिशवीत रक्तदाबाचं यंत्र, इन्सुलिन,
आणि कुणीतरी बळेच दिलेलं चीज.
मोटारीचा रस्ता पेत्सा डोंगराला वळसा घालून जातो,
तेवढा धीर तिला नाही.
बॅटरीच्या सायकलीचं मी नाव काढलं,
तिनं माझी नाडी बघायला हात पुढे केला.

दोन फोर्क काढून बाकावर ठेवले.
एक एकशे साठचा, हलका,
लोण्यात बोट जावं तसा दबणारा.
दगडांवरून उतरताना असा सोबती मिळत नाही.
दुसरा वापरलेला, पाव किलोनं जड,
दबताना किंचित अडखळणारा,
पण डोक्यावर एक निळी कळ.
ती फिरवून छातीचा भार द्यायचा,
तीस मिलिमीटर खाली बसतो
आणि बसलेलाच राहतो.
माथ्यावर कळ उलटी, हँडल जरासं वर,
की उठतो.

खोट होती तीही सांगितली,
इथं लपवून धंदा होत नाही.
बसला की पेडल मुळांना घासतं.
आत भाग जास्त, म्हणजे बिघाडही जास्त,
दरवर्षी उघडावा लागेल, आणि माझ्याकडेच.
"सीटच्या टोकावर सरकून, नाक हँडलला टेकवूनही
पुष्कळ जण चढतात."
"माझं नाक आहे तिथं बरं आहे."

तिनं अंगठा आणि तर्जनीत माप धरलं.
"एवढंच? आणि एवढ्यानं चढ बदलतो?"
चढ नाही बदलत, मी म्हणालो,
आपण थोडं नमतं घेतो, आणि चाक जमीन सोडत नाही.
"शहाणपण पुरे. किंमत सांग."

ती चर्चमागच्या चढावर तो जड फोर्क घेऊन गेली
आणि मी दारात उभा राहिलो, पाना हातात.

ह्या डोंगराच्या पोटात एक राजा झोपलाय म्हणतात.
माझा बाप तिथं जागा होता,
अठ्ठावीस वर्षं, शिशाच्या खाणीत,
छत जिथं छातीशी येतं त्या थरात.
वर आल्यावरही स्वयंपाकघरात वाकूनच यायचा.
दार चांगलं उंच होतं.
आई हसायची, "अरे, घर आहे हे."
तो हसायचा, आणि पुन्हा वाकायचा.
पुढे खाण बंद झाली. पाठ तशीच राहिली.
गेला तेव्हा सुताराला आम्ही
सैन्याच्या दाखल्यावरची उंची सांगितली.
पेटीत चार बोटं जागा उरली.
आईनं तिथं त्याची टोपी ठेवली.

ब्रेदा परतली, लालबुंद, नोटा मोजतच.

शुक्रवारी पुन्हा दारात.
कोपर सोललेलं, गुडघ्याला चिखल,
स्वतःच स्वतःला मलमपट्टी केलेली, तीही वाकडी.
"वर पोचले, म्हातारीचा रक्तदाब घेतला,
सूप प्यायले, निघाले.
ती तुझी कळ फिरवायची राहिली.
अख्खा डोंगर नाक खाली घालून उतरले मी.
फोर्कला सांगता येत नाही का?"

नाही येत. कुणालाच येत नाही.
तिच्या पिशवीतून पांढरी चिकटपट्टी काढली,
वीतभर फाडून हँडलवर चिकटवली
आणि जाड पेनानं लिहिलं:
पोचलीस. आता उठ.

तिनं वाचलं, दोनदा.
मग उरलेली गुंडाळी माझ्या हातातून काढून घेत म्हणाली,
"ही पट्टी दवाखान्याची आहे.
पुढच्या वेळी स्वतःची आण."